उजव्या सोंडेचा रेणू

घरातला औषधांचा डबा उघडला की सर्दीवरची एक गोळी हमखास सापडते. पूर्वी ती सेट्रिझिन असायची, १० मिलिग्रॅमची. आता बरेच डॉक्टर लेव्होसेट्रिझिन लिहून देतात आणि ती असते ५ मिलिग्रॅमची. बरोबर निम्मी, तरी शिंका तेवढ्याच थांबतात. मग जुन्या गोळीतली उरलेली ५ मिलिग्रॅम इतकी वर्षं आपल्या पोटात जाऊन काय करत होती?

काही नाही. नुसती येत-जात होती.

गणपतीवरून सांगतो. डाव्या सोंडेची आणि उजव्या सोंडेची मूर्ती शेजारी शेजारी ठेवा. माती तीच, वजन तेच, रंगही तोच. एक म्हणजे दुसरीचं आरशातलं रूप. पण घरी आणताना आपण डाव्या सोंडेची बघून आणतो, कारण उजव्याचं सोवळं आपल्याला झेपणार नाही, असं आजीनं सांगून ठेवलेलं असतं. कार्बनच्या एका अणूला चार निरनिराळे गट जोडले गेले की रेणूचेही असेच दोन अवतार होतात, डावा आणि उजवा. आपलं शरीर एकाच हाताच्या अमिनो आम्लांनी बांधलेलं आहे, त्यामुळे त्याला हे दोघे सारखे वाटत नाहीत. नाकालासुद्धा वाटत नाहीत. पुदिन्याचा वास आणि बाळंतशेपेचा वास या दोन्हींमागे कार्व्होन नावाचा एकच रेणू आहे. पुदिन्यात त्याचा एक हात, बाळंतशेपेत दुसरा.

अडचण अशी की कारखान्यात साध्या रीतीनं असा रेणू बनवला तर दोन्ही हात निम्मे-निम्मे येतात. पेणच्या मूर्तिकाराकडे साचा असतो, म्हणून त्याच्या शंभर मूर्तींची सोंड हव्या त्या बाजूला वळते. साच्याशिवाय, डोळे मिटून सोंडा लावल्या तर पन्नास इकडे, पन्नास तिकडे. रसायनशास्त्रात या साच्याचं काम उत्प्रेरक करतो. आणि तो साचा कुणी बनवायचा, कुणाच्या पैशानं, कुणासाठी, हा माझ्या मते फक्त रसायनशास्त्रज्ञांचा प्रश्न नाही. तो नाल्याकाठच्या गावांचा आहे, खाडीत मासे धरणाऱ्या भोयांचा आहे आणि अर्थसंकल्प मांडणाऱ्यांचाही आहे.

मी कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं बल्क ड्रगच्या, म्हणजे गोळीत जाणारं मूळ औषध बनवणाऱ्या, प्लांटवर काढली. तिथं आमचा साचा म्हणजे टार्टारिक आम्ल, चिंचेचा आंबटपणा ज्याच्यामुळे येतो तेच. दोन्ही हात मिसळलेला माल रिअ‍ॅक्टरमध्ये घ्यायचा, त्यात हे एकाच हाताचं आम्ल घालायचं, तापवून सावकाश थंड करायचं. हवा तो हात क्षार होऊन खाली बसतो, नको तो द्रावणात राहतो. सेंट्रिफ्यूजमधून ओला माल एकीकडे आणि मदर लिकर, म्हणजे उरलेलं द्रावण, दुसरीकडे. या पद्धतीला रिझोल्यूशन म्हणतात. १८४८ साली लुई पाश्चरनं टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे डावे-उजवे स्फटिक चिमट्यानं वेगळे केले होते. आमचा रिअ‍ॅक्टर त्याच्याहून फार पुढे गेला होता असं मी म्हणणार नाही.

गणित साधं आहे. कितीही कुशल हात असले तरी या पद्धतीत मालाचा निम्माच भाग कामाचा. नको तो हात पुन्हा मिसळ करून परत चक्रात घालता येतो, आणि शहाणे कारखाने ते करतातही. पण प्रत्येक रेणू त्याला तयार होत नाही, आणि तयार झाला तरी त्यासाठी आणखी आम्ल, आणखी अल्कली, आणखी सॉल्व्हेंट म्हणजे द्रावक, आणखी वाफ लागते. आमच्याकडे निळ्या ड्रमांवर खडूनं नुसतं ‘आर’ लिहिलेलं असायचं, म्हणजे आत नको तो हात. ते ड्रम शेडमध्ये पावसाळेच्या पावसाळे काढायचे. कामगार त्याला ‘मेलेला माल’ म्हणत.

रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली एक हिशेब मांडला: एक किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो? त्याला त्यांनी ई-फॅक्टर असं नाव दिलं. पेट्रोलियम शुद्धीकरणात हा आकडा नगण्य. घाऊक रसायनांत एकापासून पाचापर्यंत. आणि ज्या उद्योगाला आपण सगळ्यांत स्वच्छ समजतो, पांढरा कोट आणि मास्कवाला, त्या औषधनिर्मितीत २५ पासून १०० पर्यंत आणि त्याच्याही वर. म्हणजे खोकल्याच्या एका किलो औषधामागे पंचवीस किलोचा पसारा आणि आपण हात धुतो सॅनिटायझरनं.

आता आपल्याकडचं धोरण पाहा. नाल्याचं पाणी लालपिवळं झालं, दाभोळच्या खाडीत मासे मेले, सावित्रीला फेस आला, की चर्चा सुरू होते ती सामायिक सांडपाणी केंद्राची. त्याची क्षमता किती, टाक्या किती, टँकर रात्री कुठं रिकामा होतो. हे सगळं आवश्यक आहे, त्यात शंका नाही. पण ही पाइपाच्या शेवटच्या टोकाची लढाई आहे. कचरा किती होणार हे ठरतं ते त्याआधी कितीतरी, संशोधकाच्या फ्लास्कमध्ये, जेव्हा तो ठरवतो की हा हात कसा मिळवायचा. त्या क्षणी तिथं प्रदूषण मंडळाचा अधिकारी नसतो, पत्रकार नसतो, गावचा सरपंच तर नसतोच.

उलट दिशेनं मात्र सरकार झटकन हललं. मार्च २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला केंद्रानं बल्क ड्रगचे प्रकल्प पर्यावरण मंजुरीच्या ‘बी-२’ वर्गात टाकले, म्हणजे जनसुनावणी नको, सविस्तर आघात-अभ्यास नको. त्याच वर्षी बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटींची उत्पादन-प्रोत्साहन योजना आली. चीनवरचं अवलंबन कमी व्हावं हा हेतू योग्यच होता. पण बक्षीस ठरलं ते विक्रीवर. एक किलो माल बनवताना नाल्यात किती गेलं, यावर त्यातला एक रुपयाही हलत नाही. स्वस्त चिनी मालाशी झगडायचं असेल तर त्यांच्यासारखंच घाण करून जिंकायचं, की वेगळं रसायन वापरून, हा प्रश्न विचारलाच गेला नाही.

वेगळं रसायन म्हणजे काय? इथं थोडं थांबायला हवं, कारण गोष्ट देखणी आहे.

निसर्गानं हे साचे कधीच बनवून ठेवलेत. एन्झाइम, पाठ्यपुस्तकातलं विकर. आपल्या स्नायूत अल्डोलेज नावाचं एन्झाइम आहे. त्याची एकेक साखळी साडेतीनशेहून जास्त अमिनो आम्लांची, पण प्रत्यक्ष काम करतो एक लायसीन. तो साखरेच्या तुकड्याला धरतो, त्याला थोडा वेळ जास्त क्रियाशील रूप देतो आणि शेजारचे गट दुसऱ्या तुकड्याला एकाच बाजूनं येऊ देतात. बाकीचं प्रचंड धूड म्हणजे त्या खोलीच्या भिंती. आता एक खोडकर प्रश्न: भिंती पाडल्या आणि नुसता कामगार ठेवला तर?

कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत बेंजामिन लिस्ट अल्डोलेजची नक्कल करणाऱ्या प्रतिपिंडांवर काम करणाऱ्या लोकांत होते. त्यांना हाच प्रश्न पडला, आणि त्यांनी प्रोलीन घेऊन पाहिलं. प्रोलीन म्हणजे एक साधं अमिनो आम्ल, सगळे मिळून सतरा अणू. पायाच्या रश्श्याला जो चिकटपणा येतो त्या कोलॅजेनमध्ये ते भरभरून असतं. त्याचा नायट्रोजन एका रेणूला धरतो, त्याचं आम्लटोक दुसऱ्याला हायड्रोजन देऊ करतं. दोन्ही हातांनी काम. २००० साली लिस्ट, लर्नर आणि बार्बास यांनी दाखवून दिलं की सतरा अणूंचा हा गडी एन्झाइमसारखीच बाजू निवडतो. त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनी दुसऱ्या एका छोट्या रेणूनं वेगळीच अभिक्रिया साधली. २०२१ चं नोबेल दोघांना मिळून गेलं.

मला यातली मागची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रोलीनची ही करामत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन औषध कंपन्यांच्या रसायनशास्त्रज्ञांनी, अमेरिकेत हायोस आणि पॅरिश यांनी आणि जर्मनीत एडर, सावर आणि विखर्ट यांनी, स्टेरॉइड बनवताना वापरली होती. पेटंट झालं, शोधनिबंध झाले. मग जवळपास तीस वर्षं फारसं कुणी विचारलं नाही की हे होतं कसं आणि दुसरीकडे होईल का. बाजाराला एक औषध मिळालं, बाजाराचं काम झालं. ‘कसं’ हा प्रश्न पुन्हा विचारला गेला तो विद्यापीठीय कुतूहलातून. संशोधन सगळं उद्योगावर सोपवा म्हणणाऱ्यांनी ही तीस वर्षं लक्षात ठेवावीत.

या साच्याची नजाकत किती असते? ९९ टक्के निवड हवी असेल तर डाव्या आणि उजव्या वाटेच्या ऊर्जेच्या चढात फक्त तीनेक किलोकॅलरीचा फरक लागतो. पाण्याचे दोन रेणू एकमेकांना धरून असतात तो हायड्रोजन बंधसुद्धा यापेक्षा बळकट. एवढ्याशा कलावर डावं-उजवं ठरतं. म्हणून तर हे शास्त्र अंदाजपंचे चालत नाही. पवईच्या आयआयटीत राघवन सुनोज यांच्यासारखे लोक संगणकावर हे चढ-उतार मोजत बसतात.

एकाच हाताचा रेणू मिळवायच्या आज तीन मोठ्या वाटा आहेत, आणि माझा वाद इथून सुरू होतो.

पहिली धातूंची. पार्किन्सनवरचं एल-डोपा घ्या. आपल्याकडच्या खाजकुइलीच्या बियांत ते असतं. १९३७ सालीच दामोदरन आणि रामस्वामी यांनी त्यातून ते वेगळं केलं होतं. पण जगाला पुरेल इतकं बियांतून कुठून आणायचं? मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी ऱ्होडियमचा उत्प्रेरक घडवला आणि एकाच हाताचं एल-डोपा कारखान्यात तयार होऊ लागलं. २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. सुंदर काम. पण ऱ्होडियम बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येतं, आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्याचा भाव एका औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेला होता. वसाहतीतल्या लहान कारखानदाराला हा जुगार परवडत नाही. वर औषधात धातूचा अंश उरू नये म्हणून शुद्धीकरणाचा वेगळा खर्च.

दुसरी वाट खुद्द एन्झाइमची. आता ती निसर्गानं दिली तशी घ्यावी लागत नाहीत. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते प्रयोगशाळेत एन्झाइमची उत्क्रांती घडवण्यासाठी. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्या घराघरात आहे: सिटाग्लिप्टिन, मधुमेहावरची गोळी. आधी ती ऱ्होडियम आणि उच्च दाबाच्या हायड्रोजननं बनायची. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी एका एन्झाइममध्ये २७ बदल करून त्याला हे काम शिकवलं. २०१० मध्ये जाहीर झालेल्या आकड्यांनुसार कचरा १९ टक्क्यांनी घटला, धातूची गरजच संपली, आणि नको तो हात जवळजवळ शून्यावर आला. ज्या देशात आयसीएमआरच्या पाहणीनुसार १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, त्या देशासाठी ही काही लांबची बातमी नाही. २०२२ मध्ये भारतात सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि किमती धडाधड उतरल्या.

मग एन्झाइमच वापरा की, नक्कल कशाला? हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय, आणि त्यात दम आहे. पण सत्तावीस बदलांचं ते एन्झाइम वसाहतीतल्या दुकानात मिळत नाही. ते कुणाच्या तरी मालकीचं असतं. ते बनवायला फर्मेंटर लागतो, जिवाणू सांभाळणारी माणसं लागतात. आमच्या प्लांटवर डिस्टिलेशन झोपेत करतील असे ऑपरेटर होते, पण जिवाणूंची जोपासना हा वेगळा धंदा आहे. मोठ्या कंपनीला तो जमतो. दहा-वीस रिअ‍ॅक्टरवाल्या कारखान्याला नाही, आणि आपल्या रासायनिक पट्ट्यांत असेच कारखाने जास्त.

म्हणून मला तिसरी वाट महत्त्वाची वाटते: एन्झाइमकडून शिकलेले छोटे रेणू. बाटलीत येतात, पोत्यात येऊ शकतात, हवा-पाण्याला बऱ्यापैकी जुमानत नाहीत, आणि ज्या रिअ‍ॅक्टरमध्ये आज रिझोल्यूशन चालतं त्यातच उद्या टाकता येतात. यात नुसतं प्रोलीन नाही. व्हिटॅमिन बी-१ शरीरात जे काम करतं त्याचं गुपित रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये उलगडलं, आणि त्यावरून उत्प्रेरकांचं एक अख्खं घराणं उभं राहिलं. काही जण चार-पाच अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या वापरतात. अकाबोरी नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं तर १९५६ मध्ये रेशमावर पॅलेडियम धातू चढवून पाहिला होता. रेशीम हे प्रथिनच, तेव्हा तेच साचा होईल ही कल्पना. फार चाललं नाही ते, पण पैठणीच्या धाग्यानं औषध बनवण्याची कल्पना मला अजून आवडते.

आता माझ्याच बाजूची भोकं दाखवतो, नाहीतर कुणीतरी दाखवेलच. प्रोलीनचा २००० सालचा प्रयोग घ्या: शंभर रेणूंच्या कामाला तीस रेणू उत्प्रेरक, आणि सॉल्व्हेंट डीएमएसओ. ज्यानं डीएमएसओ परत मिळवण्याचा प्रयत्न केला असेल त्याला विचारा. एन्झाइमचा एक रेणू हजारो वेळा काम करतो. हा बिचारा तीन वेळा करून थकतो. कागदावर ‘हरित’ लिहिलं म्हणून नाला हिरवा होत नाही. गेल्या काही वर्षांत लिस्ट यांच्याच गटानं भिंती परत उभारल्या, म्हणजे खोल खळगा असलेले आम्ल-उत्प्रेरक घडवले, आणि काही अभिक्रियांत मात्रा दशलक्षात काही भाग इतकी खाली आणली. भिंतींना अर्थ होता तर. नक्कल करताना काय सोडायचं आणि काय ठेवायचं, हेच खरं डिझाइन.

आणखी एक. या विषयावर मराठीत काहीही लिहिलं की थॅलिडोमाइड येतंच. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, १९६१ मध्ये मागे घेतलं, दहा हजारांहून जास्त मुलं अपंग जन्मली. पुढे सांगतात की एक हात औषध होता, दुसरा विष. एकच विकला असता तर अनर्थ टळला असता. टळला नसता. शरीरात गेल्यावर त्याचे दोन्ही हात एकमेकांत बदलत राहतात. चांगल्या मुद्द्याला खोटी गोष्ट जोडली की मुद्दाच लंगडा होतो. एकहाती औषध हवं यासाठी भीती दाखवायची गरज नाही, हिशेब पुरेसा आहे.

मग करायचं काय? पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे. तिथं अरुमुगम सुदलाई यांच्या गटानं प्रोलीन वापरून कितीतरी औषधी रेणूंचे मार्ग आखले. माटुंग्याची रासायनिक तंत्रज्ञान संस्था १९३३ पासून उद्योगाला माणसं पुरवते. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधांत फक्त प्रक्रियेलाच पेटंट मिळायचं तेव्हा दुसऱ्या वाटेनं तोच रेणू गाठण्यात आपल्या लोकांनी जग जिंकलं. एड्सवरची औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ, असं २००१ मध्ये मुंबईची सिप्ला म्हणू शकली ती याच कसबावर. म्हणजे डोकं आहे, सवयही आहे. नाही ती मधली पायरी. शंभर मिलिग्रॅमच्या फ्लास्कमधला उत्प्रेरक शंभर किलोच्या बॅचमध्ये टिकतो का, तीन वेळा वापरून उरतो का, नळाच्या पाण्याचं नि कमी-जास्त तापमानाचं त्याला वावडं आहे का, हे पाहायला संशोधकाकडे रिअ‍ॅक्टर नाही आणि कारखानदाराकडे वेळ नाही. निबंध छापला की संशोधकाची बढती होते. पुढचं कुणाच्याच पगारात बसत नाही.

केंद्रानं २०२५ मध्ये संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. त्यातला कणभर भाग लोटे, महाड, तारापूर अशा वसाहतींत एकेक सामायिक किलो-लॅब, म्हणजे किलोंच्या मापात प्रयोग करून पाहायची जागा, उभारायला द्यावा, असं मला वाटतं. जिथं छोट्या कारखान्यानं आपला रेणू आणावा, विद्यापीठातल्या मुलीनं आपला उत्प्रेरक आणावा आणि दोघांनी महिनाभर भांडावं. जो उत्प्रेरक जनतेच्या पैशातून जन्मला तो लहान उद्योगाला नाममात्र शुल्कात मिळावा. आणि उत्पादन-प्रोत्साहनाची रक्कम विक्रीबरोबरच ई-फॅक्टरवर ठरावी. कंपन्या आकडे लपवतील, म्हणाल. लपवतीलच. पण आत येणारं सॉल्व्हेंट आणि बाहेर जाणारा माल या दोन्हींच्या पावत्या असतात. मधला फरक लपवायला बरीच कला लागते.

खर्चाची भीती घालणारे भेटतात. एका कारखानदाराला मी एकदा विचारलं की रिझोल्यूशन सोडून असा उत्प्रेरक का घेत नाही. तो म्हणाला, “साहेब, माझं आम्ल स्वस्त, माझा नाला फुकट.” त्याचं गणित चूक नव्हतं. जोवर नाला फुकट आहे तोवर चिंचेचं आम्ल जगातल्या कुठल्याही नोबेल उत्प्रेरकाला हरवणार.

मागच्या वर्षी प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राचा एक अर्ज भरायला एका जुन्या सहकाऱ्याला मदत करत होतो. पाणी किती घनमीटर, सामू किती, सीओडी किती, गाळ किती टन, चिमणी किती मीटर. आम्ही दोघांनी रकाने भरत आणले. मग तो सहज म्हणाला, “त्या ‘आर’च्या ड्रमांचं कुठं लिहायचं रे?” आम्ही अर्ज दोनदा उलटून पाहिला. शेवटी ते ‘इतर’ मध्ये टाकले.